कृष्णफळाच्या वेलीला कळी का येत नाही आणि आलेले फूल फळ का धरत नाही?

कृष्णफळ, म्हणजे बाजारातले पॅशन फ्रुट, लावायला सोपे पीक आहे. रोप जगले की वर्षभरात मांडव झाकून टाकते. तक्रारी त्यानंतर सुरू होतात आणि त्या दोनच प्रकारच्या असतात. पहिली, पाला भरपूर पण कळी नाही. दुसरी, फुले रोज उमलतात पण फळ धरत नाही. दोन्ही तक्रारींचा शेवट रिकाम्या मांडवात होत असला तरी त्यांची कारणे पूर्ण वेगळी आहेत. परागीभवन होत नसलेल्या बागेत संजीवके आणि विद्राव्य खते फवारत बसले तर पैसेही जातात आणि हंगामही. खांब, तारा, ठिबक यांचा खर्च आधीच झालेला असतो. वेलीचे किफायतशीर आयुष्य साधारण ४ ते ५ वर्षांचे, त्यातले पहिले वर्ष वाढीतच जाते. त्यामुळे वाया गेलेला एक हंगाम इथे आंब्या-चिकूपेक्षा जास्त महागात पडतो.

आधी वेल कोणती आहे ते पाहा

पॅसिफ्लोरा एड्युलिस या एकाच प्रजातीत जांभळ्या सालीचा आणि पिवळ्या सालीचा असे दोन प्रकार लागवडीत आहेत. जांभळ्याला थंड, उंचावरचे हवामान मानवते. महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा, कूर्ग, निलगिरी आणि ईशान्येकडील डोंगराळ राज्ये ही त्याची जागा. पिवळा प्रकार उष्ण व दमट हवेत चालतो, म्हणून कोकणात तो बरा. तिसरा पर्याय 'कावेरी' या संकराचा. हा जांभळा व पिवळा यांच्या संकरातून कर्नाटकातील चेट्टळ्ळी येथील फलोत्पादन संशोधन केंद्रात तयार झाला.

अंगणातला शोभेचा कृष्णकमळ ही गोष्ट वेगळी. त्याला फळ का येत नाही, असे अनेक जण विचारतात. त्या वेली बहुधा दुसऱ्या प्रजातीच्या किंवा शोभेच्या संकरित असतात. त्यांच्याकडून खाण्याच्या फळाची अपेक्षा ठेवू नये आणि त्यांची छाट कलमे शेतात लावू नयेत. रोपवाटिकेतून रोपे घेताना प्रकाराचे नाव आणि रोप बियांचे, छाट कलमाचे की कलम केलेले आहे, हे बिलावर लिहून घ्यावे. यातली दुसरी माहिती पुढे परागीभवनाच्या वेळी फार उपयोगी पडते.

निदान पानाच्या बगलेत

कृष्णफळाच्या नव्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बगलेत तीन गोष्टींची सोय असते: एक तणावा, एक पालवीचा डोळा आणि एक फुलाची कळी. हवामान आणि पोषण जुळले की एकापाठोपाठ एक पेरावर कळी दिसते. बागेत शिरल्यावर दहा-बारा वेगवेगळ्या वेलींच्या फांद्यांची टोकाकडची आठ-दहा पेरे हातात घेऊन पाहावीत.

बगलेत फक्त तणावा आहे, कळीचा मागमूस नाही, तर दोष वय, सूर्यप्रकाश, नत्र, दिवसाची लांबी किंवा तापमान यांत शोधावा. कळी दिसते, पण वाटाण्याएवढी असतानाच पिवळी पडून गळते, तर पाण्याचा ताण, कडक ऊन, दाट सावली किंवा फुलकिडे हे संशयित. कळी उमलते, पण दोन-तीन दिवसांत देठासकट गळते, तर परागीभवन झालेले नाही. फळ मोठे होते, पण कापल्यावर आत अर्धे पोकळ निघते, तर परागीभवन झाले पण अपुरे. एवढे पाहण्याआधी कोणतीही फवारणी ठरवू नये.

कळीच नाही, तेव्हा

वयाचा मुद्दा थोडक्यात. बियांपासूनच्या रोपाला फुलायला साधारण १० ते १२ महिने लागतात, छाट कलम किंवा कलम केलेले रोप त्याआधी फुलते. आठ महिन्यांच्या बियांच्या रोपाला कळी नाही म्हणून काळजीचे कारण नाही.

दुसरे कारण नत्र. कोंबडी खत, युरिया आणि भरपूर पाणी मिळालेली वेल माजते. पेरे लांब, पाने मोठी व काळपट हिरवी, तणावे दणकट आणि कळी नाही. पूर्ण वाढलेल्या वेलीसाठी दक्षिण भारतातील शिफारस वर्षाला सुमारे १०० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि १०० ग्रॅम पालाश अशी आहे. यात पालाश नत्राइतकाच आहे, हे लक्षात घ्यावे. माती परीक्षणाप्रमाणे आकडे बदलतील, पण हे प्रमाण उलटे होऊ देऊ नये. खत एकदम न देता छाटणीनंतर आणि फळे पोसताना विभागून द्यावे. माजलेल्या वेलीचे नत्र थांबवावे. पाणी मात्र थांबवू नये.

इथे आपल्याकडच्या सवयी आड येतात. डाळिंब किंवा मोसंबीला पाणी तोडून ताण देतात, मग पाणी सोडले की बहर फुटतो. कृष्णफळाला असा ताण देऊ नये. या वेलीला नवीन फांदी वाढत असतानाच कळी येते. पाणी तोडले की वाढ थांबते, त्याबरोबर कळ्याही थांबतात आणि आलेल्या गळतात. मुळे उथळ असल्याने हलक्या जमिनीत चार-पाच दिवसांचा खाडाही जाणवतो. याउलट पाणी साचले तर बुंध्याची कूज आणि मर येते. म्हणजे थोडे थोडे पाणी, पण नियमित, आणि बुंध्याशी गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन, खोडाला न चिकटता.

तापमान आणि दिवसाची लांबी या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत, पण त्यांचे वेळापत्रक माहीत असले की छाटणी त्यांच्याशी जुळवता येते. फुलोऱ्यासाठी साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान चांगले. दिवसा ३० आणि रात्री २५ अंशांच्या वर पारा टिकून राहिला की जांभळ्या प्रकाराच्या व संकराच्या कळ्या झपाट्याने कमी होतात. त्यामुळे मराठवाडा-विदर्भाच्या उघड्या रानात एप्रिल-मेमध्ये फळधारणेची आशा धरणे व्यर्थ आहे. माझ्या मते त्या भागात हे पीक मुख्य पीक म्हणून घेऊच नये. विहिरीजवळ, झाडांच्या दुपारच्या सावलीत दहा-वीस वेली ठीक.

पिवळ्या प्रकाराला फुलण्यासाठी साधारण ११ तासांपेक्षा मोठा दिवस लागतो. महाराष्ट्रात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, म्हणजे आपण बरोबर सीमारेषेवर आहोत. त्यात थंडीची भर. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पिवळी वेल निरोगी असूनही कळ्या धरत नाही आणि शेतकऱ्याला वाटते की बाग बिघडली. फेब्रुवारीत दिवस वाढू लागला की ती आपोआप कळ्या काढते. तैवानमध्ये आणि जपानच्या ओकिनावा बेटांवर हिवाळ्यात रात्री दिवे लावून दिवस लांबवतात. त्यांच्या बाजारभावात ते बसते. आपल्याकडे त्या विजेच्या खर्चापेक्षा छाटणीची तारीख साधणे स्वस्त.

छाटणी: द्राक्षाचा हिशेब इथे लावू नये

द्राक्षात घड डोळ्यात आधीच तयार झालेला असतो, ऑक्टोबरची छाटणी तो फक्त बाहेर काढते. कृष्णफळात कळी जुन्या काडीत दडलेली नसते. ती चालू वाढीच्या कोवळ्या फांदीवर नव्याने येते. ज्या फांदीने एकदा फळ दिले तिच्या त्याच पेरावर पुन्हा फळ येत नाही. म्हणून नवीन उपफांद्या फुटत्या ठेवणे, एवढाच छाटणीचा हेतू. मात्र द्राक्षासारखी खरड छाटणी केली तर जुन्या, जाड खोडातून फूट नीट येत नाही आणि वेल दगावते.

खोड सरळ तारेपर्यंत न्यावे. तारेवर दोन्ही बाजूंना एक-एक मुख्य बाहू वाढवावा. बाहूंवरून खाली लोंबणाऱ्या उपफांद्या या फळाच्या फांद्या. तोडा संपल्यावर फक्त या उपफांद्या ४ ते ५ डोळे ठेवून कापाव्यात. खोडाला आणि बाहूंना हात लावू नये. वाळलेल्या, किडलेल्या फांद्या मुळाशी काढाव्यात. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या जमिनीपासून वीतभर वर तोडाव्यात, तिथून रोग चढतात. तणाव्यांनी गुंतलेल्या फांद्या ओढून काढू नयेत. जागेवर कापून वाळू द्याव्यात, मग सहज निघतात.

कारले-दोडक्याच्या पूर्ण आच्छादित मांडवावर घेतलेल्या बागेत दोन वर्षांत वर पाल्याची चादर आणि खाली अंधार होतो. कळी उजेडातल्या फांदीवरच येते, म्हणून अशा मांडवावर फुले फक्त माथ्यावर दिसतात आणि तिथे हात पोचत नाही. नवीन लागवड करणाऱ्यांनी एक किंवा दोन तारांची निफिन पद्धत घ्यावी. मांडव आधीच असेल तर ओळींमध्ये हातभर रुंदीची मोकळी पट्टी कापून प्रकाश आत घ्यावा.

आता वेळ. छाटणीपासून फूल उमलेपर्यंत हवामानानुसार साधारण दीड ते अडीच महिने धरावेत आणि फूल ते पक्व फळ आणखी ६० ते ८० दिवस. कोकणात पिवळ्या प्रकाराची एक छाटणी जानेवारीच्या उत्तरार्धात घेतली तर फुले मार्चअखेरपासून मेपर्यंत कोरड्या हवेत मिळतात. दुसरी हलकी छाटणी ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप पाहून. तिची फुले ऑक्टोबरमध्ये येतात आणि फळे डिसेंबर-जानेवारीत. हीच छाटणी सप्टेंबरअखेरीस ढकलली तर नवीन फूट नोव्हेंबर-डिसेंबरच्या लहान दिवसांत सापडते आणि हंगाम हुकतो. ऑगस्टमध्ये कामाची गर्दी असते हे खरे, पण या पिकात तो महिना चुकवण्यासारखा नाही. घाटमाथ्यावर जांभळ्याला दिवसाच्या लांबीचे बंधन कमी, थंडी आणि पाऊस मात्र जास्त. तिथे पाऊस संपताच फुले मिळतील असे मागे मोजून छाटावे.

फूल उमलते, पण फळ धरत नाही

कृष्णकमळाच्या फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि वर तीन देव, असे घरोघरी सांगतात. परागीभवन समजून घ्यायला हे वर्णन सोयीचे आहे. कौरव म्हणजे कडेचे जांभळे-पांढरे तंतू, त्यांचे काम कीटकांना खुणावणे. पाच पांडव म्हणजे परागकोष, त्यांच्या खालच्या बाजूला पिवळे, चिकट, जड पराग असतात. ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणजे तीन कुक्षी, पराग स्वीकारणारी टोके. पराग जड व चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत. कुणीतरी ते पांडवांकडून देवांकडे न्यावे लागतात.

यात वेळेचे गणित आहे. जांभळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. पिवळ्याचे फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलते आणि रात्री मिटते. प्रत्येक फूल एकच दिवस उघडे असते, त्या काही तासांत काम झाले नाही तर फूल गेले. उमलताना तिन्ही कुक्षी वर उभ्या असतात आणि तासाभरात वाकून परागकोषांच्या पातळीवर येतात. तेव्हाच कीटकाच्या पाठीवरचे पराग त्यांना लागतात. काही फुलांत कुक्षी शेवटपर्यंत उभ्याच राहतात, ती फुले फळ धरत नाहीत. त्यांचे पराग दुसऱ्या फुलांसाठी वापरता येतात.

सर्वांत महत्त्वाचा फरक पुढचा आहे. जांभळा प्रकार स्वतःच्या परागाने फळ धरतो. पिवळ्यात स्वतःचा पराग चालत नाही, त्याच वेलीवरच्या दुसऱ्या फुलाचाही नाही. एका गुणी मातृवेलीची छाट कलमे घेऊन पूर्ण एकर लावला, तर रोपे शंभर असली तरी वंशाने ती एकच वेल आहे. अशा बागेत फुलांचा सडा पडतो आणि फळ एखाद-दुसरे. बाग जितकी एकसारखी आणि देखणी, तितका हा धोका मोठा. एकाच फळातल्या बियांची रोपे बहीण-भावंडे असतात, त्यांच्यातही काही जोड्या जुळत नाहीत. म्हणून पिवळ्याची रोपे निदान चार-पाच वेगवेगळ्या मातृवेलींपासून घ्यावीत आणि ओळीतच मिसळून लावावीत. शेजारी जांभळ्याची ओळ लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण जांभळ्याचे फूल मिटते तेव्हा पिवळ्याचे उमलते.

शंका असेल तर शेतातच चाचणी घ्यावी. उद्या उमलणाऱ्या ३० कळ्यांवर आदल्या दिवशी कागदी पिशव्या बांधाव्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, कुक्षी वाकल्यावर, १० फुलांना बागेतल्याच दुसऱ्या वेलीचा पराग लावावा, १० फुलांना वेगळ्या मूळच्या वेलीचा आणि १० तशीच ठेवावीत. तिन्ही गटांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून पिशवी परत घालावी. पाच दिवसांनी मोजावे. फक्त परका पराग लावलेली फुले टिकली तर बाग एका वंशाची आहे. दोन्ही पराग लावलेले गट टिकले आणि तशीच ठेवलेली गळाली तर वेल बरोबर आहे, कीटक कमी आहेत. कोणतीच टिकली नाहीत तर उष्णता, पाणी किंवा पोषण पाहावे. कृषी सहायकांनी हा प्रयोग गटाच्या बैठकीत करून दाखवावा. खर्च शून्य आहे आणि दुकानातून आणलेल्या 'फळधारणा' टॉनिकपेक्षा उत्तर लवकर मिळते. बोरॉनचेही तेच: माती किंवा पान परीक्षणात कमतरता दिसली तर जरूर द्यावे, एका वंशाच्या बागेत ते काही करू शकत नाही.

पिवळ्या फुलाचा खरा वाहक म्हणजे मोठा काळा भुंगा, ज्याला सुतार माशी म्हणतात. तो अंगाने एवढा मोठा असतो की मध पिताना त्याची पाठ परागकोषांना आणि कुक्षींना आपोआप घासते. मधमाशी त्यामानाने लहान. जांभळ्यात ती उपयोगी पडते, पण पिवळ्यात पराग गोळा करून नेते आणि कुक्षीला शिवत नाही. म्हणून पिवळ्याच्या बागेत केवळ मधमाश्यांच्या पेट्या आणून प्रश्न सुटेल असे मानू नये. भुंगे वाळक्या लाकडात आणि बांबूत घर करतात. बांधावरची वाळकी खोडे सरसकट जाळून टाकणाऱ्या शेतात भुंगे राहत नाहीत. मऊ लाकडाचे वाळलेले ओंडके व पेराशी बंद असलेले बांबूचे तुकडे पावसापासून आडोशाला आडवे बांधून ठेवावेत. कृष्णफळ फुलत नसते तेव्हा त्यांना खायला हवे, त्यासाठी बांधावर ताग, तूर, गिरिपुष्प असावे. मांडवाच्या खांबाला भुंग्याने भोक पाडले म्हणून त्याला मारू नये, खांब बदलणे स्वस्त पडते.

भुंगे पुरेसे होईपर्यंत हाताने परागीभवन करावे. ब्राझीलमधील व्यावसायिक बागांत हे नेहमीचे काम आहे. पिवळ्यात दुपारी एक ते पाच या वेळेत एका वेलीच्या फुलाचे पराग बोटांवर किंवा कापसाच्या बोळ्यावर घ्यावेत आणि वेगळ्या मूळच्या वेलीच्या फुलाच्या तिन्ही कुक्षींना हलकेच लावावेत. तिन्ही, हे महत्त्वाचे. फळातला प्रत्येक रसाचा दाणा एका बीभोवती असतो आणि प्रत्येक बीसाठी एक पराग लागतो. पराग कमी पोचले की बिया कमी आणि रस कमी. पोकळ फळ येते ते यामुळेच. एका बागेत सगळ्या वेली एका वंशाच्या निघाल्या तर त्या हंगामापुरती शेजाऱ्याच्या पिवळ्या वेलीची ताजी फुले डब्यातून आणून काम भागवावे आणि पुढच्या पावसाळ्यात दर तिसऱ्या-चौथ्या वेलीच्या जागी वेगळ्या मूळची रोपे लावावीत.

पाऊस हा या सगळ्यावर पाणी फिरवतो, अगदी शब्दशः. पाणी लागले की कृष्णफळाचा परागकण फुटतो. पराग लागल्यावर निदान दोन तास फूल कोरडे राहायला हवे. जून-जुलैत वेलीवर फुले असतात आणि फळे धरत नाहीत ती त्यामुळे. फवारणीचे पाणीही पाऊसच. उमललेल्या फुलांवर काहीही फवारू नये, साधे पाणीसुद्धा. जांभळ्यावर गरजेची फवारणी फुले मिटल्यावर संध्याकाळी करावी, पिवळ्यावर सकाळी लवकर. फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो टाळावेच, भुंगा मेला तर परत यायला हंगाम जातो. वरून तुषार सिंचन असेल तर तेही फुलांच्या वेळेत बंद ठेवावे.

फळ धरल्यानंतर

धरलेले फळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वेगाने वाढते. या काळात पाणी कमी पडले तर फळ सुकून गळते किंवा लहान राहते. हिरव्या फळावर टोचल्याची खूण आणि तिथे सुरकुती दिसली तर फळमाशी समजावी. सापळे लावावेत, गळलेली किडकी फळे गोळा करून खोल पुरावीत. पाने चट्टेरी, वेडीवाकडी आणि फळे लहान, जाड सालीची व टणक असतील तर तो विषाणूजन्य रोग आहे. अशी वेल उपटावी, तिची छाट कलमे घेऊ नयेत, आणि ती छाटलेली कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या वेलीला लावू नये.

जांभळ्या प्रकारात मर रोगाचा त्रास असलेल्या जमिनीत पिवळ्याच्या खुंटावर केलेली कलमे लावावीत. पिवळा खुंट या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहील इतके रोप उथळ लावावे.

पक्व फळ आपोआप गळते. रसासाठी द्यायचे असेल तर खाली गळलेली फळे एक दिवसाआड गोळा करावीत, ऊन आणि ओल यांत पडून राहिली तर लवकर खराब होतात. ताज्या फळांच्या बाजारासाठी साल तीन चतुर्थांश रंगली की देठासह तोडावे. कच्ची हिरवी फळे मुलांनी खाऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. साल थोडी सुरकुतलेले फळ गोड असते. पण आपल्याकडच्या बाजारात ते शिळे समजून परत येते, त्यामुळे गुळगुळीत सालीचीच फळे वर भरावीत आणि सुरकुतलेली घरी किंवा प्रक्रियेसाठी ठेवावीत.